उपग्रहासाठी शिवलेलं कापड

जबलपूरच्या चेरीताल भागातल्या विनता सुभेदारांचं सगळं आयुष्य शिवणकामात गेलं, पण ब्लाउज किंवा परकर म्हणून त्यांनी कधी शिवला नाही. त्यांचं कापड म्हणजे जाड कॅनव्हास. शहरातल्याच एका संरक्षण कारखान्यात, लष्कराच्या ट्रकांवर चढवायचे हिरवे हूड जिथं शिवले जात, त्या विभागात त्या ऐन तरुणपणी लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिल्या. सुरुवातीला त्यांच्या हातून इतक्या सुया मोडायच्या, की ही मुलगी लवकरच ऑफिसात बदली मागणार असं सगळ्यांना वाटायचं. त्यांनी मागितली नाही. मोठ्या मशीनचा तो धडधडाट, ओल्या तंबूसारखा कापडाचा वास आणि जड कापड दोघींनी ओढत सुईखालून सरकवायची लय, हे सगळं त्यांना मनापासून आवडायचं.

एक गोष्ट मात्र त्यांना खुपायची. हूड ट्रकवर चढला, ट्रक फाटकाबाहेर गेला, की संपलं. तो कुठं गेला, कुठल्या बर्फात किंवा वाळवंटात उभा राहिला, हे कधी कळायचं नाही. टीव्हीवर डोंगरातून चाललेल्या लष्करी ट्रकांची रांग दिसली, की त्या पुढे सरकून बसायच्या. "यातला तुझा कोणता?" असं श्यामसुंदर, म्हणजे त्यांचे यजमान, हटकून विचारायचे. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते आणि त्यांचं काम तर दिवसभर दुसऱ्यांचं सामान कुठं चाललंय हे बघण्याचंच. विनताबाई खरं तेच सांगायच्या, की इतक्या लांबून काय ओळखू येणार.

निवृत्तीनंतर त्यांनी गोहलपुरात एक गाळा घेतला. तिथल्याच शर्मिला नावाच्या एका चुणचुणीत बाईला हाताशी धरलं आणि ट्रॉलीच्या ताडपत्र्या, कूलरची कव्हरं, शाळेच्या रिक्षांचे पडदे असली कामं सुरू केली. गणेशोत्सवात मराठी मंडळाचा मागचा पडदाही त्यांच्याच मशीनवर व्हायचा. सकाळी गाळ्यावर जायचं, दुपारी घरी येऊन जेवायचं, संध्याकाळी श्यामसुंदरांबरोबर तलावाकडे फेरी मारायची. दिवस छान चालले होते.

अशात एका जानेवारीत आलोक आला. आलोक त्यांच्याच गल्लीत वाढलेला, आता बंगळूरूला. एक छोटा उपग्रह बांधणाऱ्या तुकडीत तो होता. घरी सगळे मराठी असले तरी त्याची शाळा, मित्र, सगळं हिंदीतलं. मराठी त्याला कळायची पूर्ण, बोलताना मात्र अर्ध्या वाक्यात गाडी दुसऱ्या रुळावर जायची.

त्यानं सांगितलं ते असं. उपग्रह आपल्याच देशात बांधलेला, आतला कॅमेरासुद्धा इथलाच. तो वर जाऊन काही महिने झाले होते आणि रोज फोटो पाठवत होता. शेतं, नद्या, रस्ते, घरांची छपरं, सगळं येत होतं. पण त्याची नजर नेमकी किती तीक्ष्ण आहे, हे पारखायचं होतं. चष्म्याच्या दुकानात समोर अक्षरांचा तक्ता टांगतात, तसा एक तक्ता जमिनीवर पसरायला हवा होता. अर्धा काळा, अर्धा पांढरा, आणि मधली रेघ सरळ. ती रेघ फोटोत किती स्वच्छ उमटते, त्यावर कॅमेऱ्याची परीक्षा. बाजारातल्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या त्यांनी आधी वापरून पाहिल्या, पण त्या उन्हात चमकायच्या आणि फोटो बिघडायचा. तेव्हा त्याला काकू आठवल्या.

"कपडा चमकला नाही पाहिजे, काकू," आलोक म्हणाला. "और किनारा एकदम सीधा."

"किती मोठा पाहिजे?"

आलोकनं खिडकीबाहेर बघितलं आणि त्यांच्या फाटकापासून गल्लीच्या वळणापर्यंत हात फिरवला.

"आणि तुझा उपग्रह केवढा आहे?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"तुमच्या त्या लोखंडी कपाटाएवढा, काका."

श्यामसुंदर कपाटाकडे बघून हसले. एवढ्याशा कपाटासाठी गल्लीभर कापड, असं काहीतरी ते पुटपुटले. विनताबाई हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या आणि त्यांचा विचार मोजमापाचा नव्हता.

"आलोक, तो फोटो मला पाहायला भेटन का?" त्यांनी विचारलं. "की तुमच्याकडेही सगळं आतल्या आतच राहते?"

"मी स्वतः घेऊन येईन दाखवायला," तो म्हणाला. "पक्का."

कापडाचे गठ्ठे आले, मिलमधूनच रंगवून आलेले. काळं अगदी काजळासारखं आणि पांढरं दुधासारखं, दोन्हींवर चमक म्हणून नाही. गोहलपूरच्या गाळ्यात त्यातला एक पट्टाही नीट पसरता येईना, म्हणून मंडळाचं सभागृह मागून घेतलं. मशीन तिथं हलवलं. शर्मिला आणि विनताबाई पायात मोजे घालून कापडावर वावरायच्या, कारण पांढऱ्यावर जबलपूरची धूळ बसली की ती निघता निघत नाही. श्यामसुंदर दारात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढायला लावायचे. दोनदा त्यांनी स्वतः आलोकलाच अडवलं. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही म्हणून शर्मिला वैतागायची, तेव्हा विनताबाई तिला डोळे मिटून बोटानं शिवण चाचपायला सांगायच्या. पंधरवड्यात दोन्ही कापडं तयार झाली.

जागा ठरली शहराबाहेर, शहपुऱ्याजवळ, हल्के पटेल नावाच्या शेतकऱ्याच्या रानात. मटाराची शेवटची तोडणी नुकतीच झाली होती. हल्केभैयांनी वेल काढून जमीन सपाट करून दिली. आपल्या शेताचा फोटो आकाशातून निघणार, या गोष्टीचं त्यांना भारी कौतुक होतं. फोटोत बरी दिसावी म्हणून त्यांनी विहिरीजवळची खोली चुन्यानं रंगवून घेतली होती.

ठरल्या सकाळी काळं आणि पांढरं कापड एकमेकाला लागून पसरलं, कडांवर वाळूची पोती ठेवली आणि सगळे बांधावर येऊन उभे राहिले. तेवढ्यात नर्मदेकडून वारा सुटला. पांढऱ्या कापडाच्या पोटात हवा शिरली आणि वाळत घातलेल्या साडीसारखं ते फुगलं. मध्ये काळ्या मातीची एक वाकडी फट उघडी पडली. धावत जाऊन नीट करावं, तर उपग्रह डोक्यावर यायची वेळ झालेली. आलोकनं सगळ्यांना हातानंच थांबवलं. उपग्रह आला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आलोकचा फोन आला. फोटो कामाचा नव्हता. मधली रेघ सरळ नव्हतीच.

विनताबाईंचं त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी आलोक घरी आला, तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला. "माझं चुकलं, बेटा. हूडखाली लोखंडी कमानी असतात, त्यावर कापड ताणून बसते. मी हेही तसंच शिवलं. इथं खाली कमान कुठून येणार?" आलोक म्हणाला, की चूक असेल तर त्याच्या तुकडीचीही आहे, पोत्यांच्या वजनावर भागेल असं तेही धरून चालले होते. मग दोघं बराच वेळ कागदावर रेघा ओढत बसले. दोन्ही कापडं एकमेकाला शिवून टाकावीत, म्हणजे फटच राहणार नाही, असं आलोकनं सुचवलं. पण तो सगळा बोजा मशीनच्या हाताखालून जाणं शक्य नव्हतं, आणि एकत्र शिवलेलं एवढं कापड उचलून शहपुऱ्याला नेणार कोण, हाही प्रश्न होताच.

"तर तिथंच शिवू," विनताबाई म्हणाल्या. "शेतात. हातानं."

"हाताने? इतना लंबा?"

"काहून नाही? दाभण आहे ना घरी."

उपग्रह त्या भागावर पुन्हा यायला आठवडा होता. त्या आठवड्यात विनताबाई आणि शर्मिलानं कडांच्या खालच्या अंगाला पिशव्या शिवल्या. त्यांत शेतातलीच माती भरायची, म्हणजे कड जमिनीला चिकटून बसेल आणि वरून काही दिसणार नाही. मग दोघी शहपुऱ्याला गेल्या. आलोक आणि त्याच्या दोन सोबत्यांनी यंत्रानं दिशा बघून दोरी ताणली, दोरीला लागून कापडं अंथरली, आणि विनताबाई एका टोकाला बसून दाभणानं टाके घालू लागल्या.

दाभण जाड कॅनव्हासमधून ओढायला जोर लागतो. थोड्या वेळात त्यांच्या बोटांना रग लागली. हल्केभैयांची बायको, जिला सगळे भौजी म्हणत, बांधावरून हे बघत होती. ती आत गेली आणि धान्याची पोती शिवायची आपली दाभणं घेऊन आली. मागोमाग मटार तोडायला येणाऱ्या चार बायाही आल्या. पोती शिवून शिवून त्यांचे हात तयार होते. चपला काढून, पाय पुसून त्या रेघेवर ओळीनं बसल्या. प्रत्येकीचा टाका वेगळा पडायचा. विनताबाईंनी दोन-तीनदा उठून टाके बघितले, एकीचे उसवून परत घालायला लावले, आणि ती बाई न रागावता पुन्हा घालू लागली.

"दीदी, ये किसके लिए बिछा रहे हैं?" भौजीनं विचारलं.

विनताबाईंनी सांगितलं, की वर एक कॅमेरा फिरतोय, आपल्याच इथं बनलेला, आणि त्याची नजर तपासायची आहे.

"कमज़ोर निकली तो?" भौजी म्हणाली. "चश्मा पहनाने ऊपर कौन जाएगा?"

सगळ्या बाया हसल्या. आलोकही हसला, पण जरा जपूनच. त्याला त्याच प्रश्नाची काळजी होती. ऊन डोक्यावर आलं, भौजीच्या घरून भाकरी आणि हिरव्या मटाराची भाजी आली, आणि जेवणानंतर उरलेली रेघ शिवून संपली. पिशव्यांत माती भरली, आणि मातीचे हात धुतल्याशिवाय विनताबाईंनी कुणालाच कापडाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या सकाळी आकाश निरभ्र होतं. वारा होता, आदल्या खेपेपेक्षा थोडा जास्तच. पण कापड हललं नाही. शेताच्या काळ्या मातीवर ते नुसतं पडून होतं, एक बाजू लख्ख, एक बाजू काळीकुट्ट. सगळे बांधावर, महुआच्या झाडापासून जरा दूर, उन्हात थांबले. विनताबाई आकाशाकडे बघत राहिल्या. काहीच दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. आलोकनं घड्याळात बघितलं आणि म्हणाला, "गेला."

"बस, इतना ही?" हल्केभैया जरा निराश होऊन म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

तीन-चार दिवसांनी आलोक लॅपटॉप घेऊन चेरीतालला आला. श्यामसुंदरांनी जेवणाचं टेबल दोनदा पुसलं. पडद्यावर आधी नर्मदेचं वळण दिसलं, मग पूल, मग रस्ता, मग शेतांचे तुकडे. आलोक चित्र मोठं मोठं करत गेला. हल्केभैयांची चुन्याची खोली दिसली, विहीर दिसली, आणि तिच्या अलीकडे नखाएवढा एक चौकोन, अर्धा पांढरा, अर्धा काळा. मधली रेघ ब्लेडनं कापल्यासारखी.

विनताबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. 

"हे मी शिवलं," विनताबाई म्हणाल्या. हळूच, स्वतःशी म्हणावं तसं. मग त्या पडद्याजवळ वाकल्या. "शिवण दिसत नाही पण."

"दिसली असती तर मैं फेल हो जाता, काकू," आलोक म्हणाला.

बांधावर काही बारीक काळे ठिपके होते. ती माणसं नव्हेत, माणसांच्या सावल्या, असं त्यानं दाखवलं. विनताबाईंनी आपली सावली शोधायचा प्रयत्न केला. भौजीच्या शेजारी त्या उभ्या होत्या, तेव्हा दोन ठिपके चिकटलेले दिसले ते आपलेच, असं त्यांनी ठरवून टाकलं. कॅमेरा परीक्षेत पास झाला होता. जेवढी अपेक्षा होती, तेवढी तीक्ष्ण नजर त्याला होती. बंगळूरूला मिठाई वाटली म्हणे. इथं श्यामसुंदर उठले आणि जबलपूरची खास खव्याची खोवा जलेबी घेऊन आले. त्या फोटोसमोर बसून विनताबाईंनी दोन खाल्ल्या, साखरेचा आजार असताना.

परीक्षा एकदाच घेऊन भागत नाही, कॅमेऱ्याची नजर दर वर्षी बघावी लागते. त्यामुळे पुढच्या हिवाळ्यातही कापड शहपुऱ्याला जायचं होतं, आणि दुसऱ्या एका राज्यासाठी आणखी एक जोडी हवी होती. ती जोडी बहुतेक शर्मिलानंच शिवली. विनताबाई शेजारी बसून दोरा ओवून द्यायच्या, मधूनच नको तिथं बोलायच्या, आणि शर्मिला त्यांचं निम्मं ऐकायची.

हल्केभैयांनी तेवढा तुकडा लवकर पेरून लवकर मोकळा केला होता. या वेळी श्यामसुंदरही आले. रेघ शिवायला भौजीनं आधीच बाया बोलावून ठेवल्या होत्या, आणि गेल्या वर्षी जिचे टाके उसवले होते ती या वर्षी नव्या दोघींना शिकवत होती. काम झालं, दुसऱ्या सकाळी कापड साफ झालं. श्यामसुंदर महुआखाली तोंडावर टोपी ठेवून आडवे झाले. विनताबाई आणि भौजी मटाराच्या शेंगांनी भरलेलं सूप मध्ये घेऊन सोलत बसल्या. भौजीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मांडव केवढा घालावा यावर बोलणं चाललं होतं. आलोक लांबून हात वर करून उपग्रह यायची वेळ झाल्याचं सांगत होता. विनताबाईंनी त्याला मान हलवून हो म्हटलं आणि मांडवाच्या कापडाबद्दल बोलत राहिल्या.