तळं भरलं आणि शेवंतीची विहीर आटली

मंडळींनो, मी सांगतेय आणि नात टाईप करतेय. चुकलं तर तिला हसा!

आमच्या माडांतलं तळं दरवर्षी होळीपर्यंत कोरडं पडायचं. जांभा दगड तो, पाणी धरतोय कुठला! गेल्या पावसाआधी लेकाने आतून काळ्या रबरासारखं काहीतरी फवारून घेतलं. भिंतीला रंग मारतात ना, तसंच, पण जाड. आज भर वैशाखात तळं भरलेलं! कौतुकाने मी उताराखालच्या शेवंतीला बघायला बोलावलं.

ती काठावरून तळ्याकडे कमी आणि उताराखालच्या आपल्या विहिरीकडेच जास्त बघत होती.

"काय गो, बरा नाय दिसना?"

"बरा दिसता गे वैनी. पण माझी बाव यंदा पयल्यांदाच आटली. तुझ्या तळ्याचोच पाझर येत होतो मा तिका."

"मगे आदी कित्याक नाय सांगलंस?"

"तुझ्या तळ्यातला पाणी तुझाच मा. मी काय सांगतलंय?"

इतकी वर्षं मी 'पाणी फुकट गेलं' म्हणून कुरकुरत होते. ते तिच्या विहिरीत जात होतं.

लेक म्हणतो, पाइप टाकून देतो. पाणी पोचेल हो. पण "पाणी सोड" म्हणून तिला रोज मला हाक मारावी लागणार. तुमच्यापैकी कुणाला आवडलं असतं, सांगा बघू?