साडेचार मिनिटं

गिऱ्हाइकाला वाक्य पुरं करू देतील तर ते यज्ञेश्वर दातार कसले! वारज्यातल्या त्यांच्या टीचभर दुकानात बिघडलेला संगणक घेऊन माणूस आला की "काल रात्री मुलगा—" एवढं त्यानं म्हणायचं आणि "पाणी सांडलं. कळलं. गुरुवारी या," असं यज्ञेश्वरांनी म्हणायचं. लोक चरफडत जायचे आणि गुरुवारी मुकाट परत यायचे, कारण हाताला गुण होता.

तो गुण त्यांना अनंतरावांकडून मिळाला होता. हे त्यांचे उस्ताद. मरायला टेकलेली डिस्क समोर आली की आधी मालकाला विचारायचं, यातलं काय गेलं तर जीव तळमळेल? तेवढं आधी उतरवायचं, बाकीचं मागून. बावीस वर्षं यज्ञेश्वरांनी हा नेम पाळला. मोडला तो एकदाच, गेल्या वर्षी, आबेदाभाभींच्या वेळी.

आबेदाभाभी म्हणजे नाना पेठेतल्या पेटीवाल्या शकीलभाईंच्या पत्नी. शकीलभाई बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी लेकीसाठी, मिसबासाठी, चाळीस धडे बोलून रेकॉर्ड करून ठेवले होते. आतली पितळी पट्टी किती घासायची, कान कुठे लावायचा, हात कुठे आवरायचा. सगळं एका जुन्या डिस्कमध्ये होतं, रुंद चपट्या केबलच्या जमान्यातल्या. भाभी ती ओढणीत गुंडाळून घेऊन आल्या.

आणि नेमका आदल्याच दिवशी दुकानात इंटरनेटचा फायबर आला होता! तीनशेचा स्पीड. यज्ञेश्वरांची छाती फुगलेली.

"ऐंशी जीबी ना? ऐंशी हजार भागिले तीनशे. साडेचार मिनिटं, भाभी. चहा येईस्तोवर सगळं इंटरनेटवर चढलेलं असेल."

"भाऊ, त्यात यांचे—"

"निवडत कशाला बसताय? सगळंच जातंय की!"

भाभींनी ओढणी सोडून डिस्क पुढे केली.

चहा आला, पिऊन झाला. पडद्यावरची पट्टी काही हलेना. तेव्हा यज्ञेश्वरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फायबरचे तीनशे असतात बिटमध्ये आणि डिस्कमधला माल मोजतात बाइटमध्ये. एका बाइटला आठ बिट. आठने भागायला ते चक्क विसरले होते! बरं, भागूनही उपयोग नव्हता. ती जुनी जोडणी आणि थकलेली डिस्क मिळून सेकंदाला जेमतेम पाच एमबी सोडत होती. बाहेर मोठं पिंप लावलं म्हणून बारक्या तोटीतून पाणी जोरात पडतं का? साडेचार मिनिटांचे झाले होते साडेचार तास.

तिथेच थांबून विचारायला हवं होतं. पण बाईमाणसासमोर स्वतःचं गणित चुकलं म्हणायचं? नाक आडवं आलं. "होतंय, तुम्ही घरी जा," ते म्हणाले. संगणक आपल्या क्रमाने आधी डिस्कमधले लग्नांचे व्हिडिओ चढवत राहिला. तिसऱ्या तासाला डिस्क दोनदा टकटकली आणि बंद पडली. धडे शेवटच्या फोल्डरमध्ये होते. सगळे मिळून दोन जीबी. आधी घेतले असते तर सात मिनिटांचं काम.

"डिस्कच जुनी होती, भाभी," एवढंच ते फोनवर म्हणाले.

"तुमचा काय दोष, भाऊ?"

ईदेला भाभींनी शीरखुर्म्याचा डबा पाठवला. यज्ञेश्वर वाटीत चमचा फिरवत बसले. "गोड कमी आहे का?" पत्नी तेजस्विनीनं विचारलं. "नाही," म्हणत त्यांनी वाटी संपवली. खाल्लेला प्रत्येक चमचा चोरीचा वाटत होता.

परवा दुकानात तसलीच एक डिस्क आली. "यातलं काय गेलं तर..." एवढं विचारलं आणि भाभींची ओढणी डोळ्यांपुढे आली. यज्ञेश्वरांनी शटर ओढलं आणि तडक नाना पेठ गाठली.

मिसबा उघडी पेटी पुढ्यात घेऊन कानस चालवत होती. एक सूर काही केल्या लागत नव्हता. भाभी काहीतरी म्हणाल्या तर "अम्मी, तू राहू दे," असं ती तुटकपणे म्हणाली. यज्ञेश्वर उभ्यानेच बोलले. आठने भागायचं राहिलं, सेकंदाला पाच एमबी, धड्यांची सात मिनिटं, काही काही लपवलं नाही.

मिसबानं कानस खाली ठेवली. "म्हणजे अम्मीनं सांगितलं होतं?"

"सांगत होत्या. मी बोलू दिलं नाही."

"अन् मी वर्षभर हिला बोलतेय, तुला एवढं साधं सांगता आलं नाही म्हणून!"

"मलाही तेच वाटायचं," भाभी हळूच म्हणाल्या. "मी पुन्हा तोंड उघडलं असतं तर."

डिस्क गेली एवढंच पाप यज्ञेश्वर मोजत होते. त्यांच्या एका खोट्यापायी या बाईनं आपल्याच घरात, पोटच्या पोरीसमोर, वर्षभर मान खाली घातली होती.

"भाऊ," भाभी म्हणाल्या, "त्या दिवशी मी—"

त्या थांबल्या, सवयीनं. यज्ञेश्वर काही बोलले नाहीत. हात जोडून ऐकत राहिले.

"मी म्हणत होते, त्यात यांचे चाळीस धडे आहेत. पोरीचे आहेत. तेवढे आधी काढा."

मिसबा उठून आईजवळ जाऊन बसली.