अप्पांची हिरवळ

तमाम जनतेस कळविण्यात येते की, अर्धापूरच्या शिवारात केळीच्या बागेमागे जी चौकोनी हिरवळ आहे, तिच्यावर चप्पल घालून पाय ठेवणारा मनुष्य, मग तो सरपंच असो, जावई असो की साक्षात यम, आल्या पावली परत पाठवला जाईल!

हे फर्मान आमचे मित्र बसलिंगअप्पा, केळीचे बागायतदार आणि लॉन बोल्सचे राष्ट्रीय विजेते, आल्यागेल्याला छाती काढून ऐकवत. महिन्यापूर्वी यम आला... त्याला कोण अडवणार?

रोपं आणायला पुण्याला गेलेला हा माणूस परतला तो या खेळाचे चेंडू घेऊन. गाव म्हणालं, अप्पा या वयात गोट्या खेळून राहिले. खेळ दिसायला सोपा. हिरवळीवर लांब ठेवलेल्या छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ आपला मोठा चेंडू नेऊन थांबवायचा. पण हा मोठा चेंडू एका अंगाला झुकणारा. सरळ जातो, जातो आणि दम सरला की वळतो. हातातून सुटला की आपलं काही चालत नाही. अप्पांना हे कोण सांगणार? ते चेंडूमागं कमरेत वाकून डावीकडं कलत जायचे, "वळ गं माय, वळ!" राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चेंडूला तर आम्ही अर्धापूरकर सगळेच कुंपणाबाहेर डावीकडं कललो होतो. चेंडू वळला, अप्पा जिंकले आणि आमच्या माना आठवडाभर धरल्या.

महादेवीवहिनींना मात्र या हिरव्या सवतीचं कौतुक नव्हतं. "म्हशीला चारा न्हाई अन् ह्यांच्या गवताला फवारा! एक दिवस म्हैसच सोडते तिथं!"

"सोड की," अप्पा म्हणाले, "पर चपला काढून सोड."

मग एके सकाळी बागेत घड झाकता झाकता ते कोसळले. नांदेडच्या दवाखान्यात काचेपलीकडं अप्पा, अलीकडं मी. डॉक्टर म्हणाले, आता वाट पाहायची. कोणाची, ते बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, मी डावीकडं कलून उभा आहे... या वेळी चेंडू वळला नाही.

अप्पा लिंगायत. त्यांच्या घरी माणसाला आपल्याच शेतात, बसवून माती देतात. थोरले भाऊ शिवअप्पा शेतभर फिरून आले आणि खाली मान घालून म्हणाले, "चहूकडं केळी घडावर आली. मोकळी जागा तेवढीच हाय." मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो? वर्षानुवर्षं अप्पांनी हातानं सपाट केलेली ती जमीन, जिच्यावर चेंडूला खडा लागू दिला नाही, तिथं खड्डा घेऊ नका म्हणू? मग अप्पांना ठेवायचं कुठं? मी वहिनींकडं पाहिलं. त्या सकाळपासून रडल्या नव्हत्या, बोलल्याही नव्हत्या. आताही नुसती होकाराची मान हलवली.

हिरवळीच्या कडेला खुर्चीवर अप्पा बसलेले. कपाळभर भस्म, गळाभर हार, तोंड हिरवळीकडं. कुदळी घेऊन माणसं पुढं झाली आणि पहिल्यानं गवतावर पाय ठेवला, तशा वहिनी ताडकन उठून ओरडल्या,

"आरं चपला काढ की, मेल्या! ते बघून राहिलेत!"