अध्यक्ष बाहेर उभे राहिले

सिरसाळ्याच्या आमच्या वीटभट्टी संघटनेत अध्यक्ष सगळ्यात शेवटी बोलतात. ज्याची भट्टी सगळ्यात लहान, त्याला आधी विचारतात, "बोला मालक, तुमी काय म्हणता?" मग सावकाश मोठ्यांकडे येतात. या संथपणाचा मला फार कंटाळा यायचा.

मागच्या हंगामात शाळेजवळच्या भट्टीचा विषय निघाला. धुरानं पोरं खोकत होती, अन् भट्टी अध्यक्षांचीच होती. सगळे खाली बघत बसले. तेव्हा ते उठले आणि मला, उपाध्यक्षाला, म्हणाले, "तुमी बसा हितं. मी असलो तर कुणी खरं बोलणार न्हाई." चपला घालून ते बाहेर गेले.

त्यांच्या खुर्चीत मला अवघडल्यासारखं झालं. पण लोक बोलले. एकदोघं तर लई कडक बोलले. भट्टी तिथून हलवायची ठरली.

ठरलेलं सांगायला मी बाहेर गेलो. ते पाण्याच्या टाकीपाशी उभे होते.

"अध्यक्ष, लोक म्हणाले..."

"कोण काय म्हणालं ते सांगू नका," त्यांनी मला थांबवलं. "उद्या त्यांच्यातच बसायचंय मला. काय ठरलं तेवढं सांगा."

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते माझ्यामागून आत आले. मी खुर्ची रिकामी करायला लागलो, तर त्यांनी मला खांद्याला धरून परत बसवलं. सभासदांच्या रांगेत उभं राहून त्यांनी विचारलं, "आत्ता पेटलेल्या भट्टीतल्या विटा तेवढ्या भाजून निघू द्याल का? मग हलवतो."