आईच्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे पेशीवाली म्हणत. माणसाच्या चरबीतल्या मूळ पेशी वाढवायच्या आणि त्यांना हृदयाच्या स्नायूच्या पेशी व्हायला लावायचं, हे तिचं काम. आईचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आईने पोटावरची थोडी चरबी हसत हसत देऊन टाकली होती. "घे बाई, जन्मभराची कमाई आहे. वाया नको जायला."

वर्षाच्या आत आई गेली. हृदयच बंद पडलं. पेशी मात्र उबदार कपाटात वाढत राहिल्या. पेशीवाली रडली नाही. रोज हातमोजे चढवायची, पेशींवरचा जुना द्रव काढून नवा घालायची. घरी बाबा विचारायचे, "धडधडलं का गं काही?"

"अजून नाही, बाबा."

आता एकच प्लेट उरली होती आणि पेशी म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. सर म्हणाले, "रंगवून बघू. हृदयाची प्रथिनं असली तर हिरव्या चमकतील."

रंगवायचं म्हणजे आधी पेशी मारायच्या. तिने एक दिवस मागून घेतला.

त्या दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा एक पुंजका हलला. थांबला. पुन्हा हलला.

"लांब्या! अरे, धडधडतंय! ये लवकर!"

तिचा सहकारी लांब्या धावत आला. त्याने डोळा लावला. हात लांब करून त्याने टेबलाच्या टोकावरचं बाटल्या हलवणारं आपलं यंत्र बंद केलं.

पुंजका निपचित पडला.

"माझंच चुकलं. इथे ठेवायला नको होतं हे, टेबल हादरतं."

"तुझं कसलं चुकलं? मीच नवशिकीसारखी फसले."

आत काहीतरी तुटेल म्हणून ती जरा थांबली. काहीच तुटलं नाही. मग तिने स्वतःच पेशींवर फॉर्मॅलिन ओतलं.

दुसऱ्या दिवशी पेशी हिरव्या चमकल्या. सगळ्या नाही, बऱ्याचशा. सर खूश. "अगं, जिंकलीस की! तोंड का असं?"

"असंच आहे, सर."

घरी बाबा लसूण सोलत बसले होते. "धडधडलं?"

"नाही. पण हृदयाच्या झाल्या होत्या, बाबा. थोड्याफार."

"आणि आता?"

"आता नाहीत."

बाबांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. "जन्मात कुणाच्या सांगण्यावरून एक गोष्ट केली नाही तिने. तुझं बरं ऐकेल!"

तिला हसू आलं नाही. खुर्ची ओढून ती समोर बसली आणि निम्मा लसूण आपल्याकडे घेतला.