तेवीस तक्रारींचा माणूस

संशय घ्यावा अशी माणसं जगात पुष्कळ असतात, पण टेप न लावता स्वयंपाकघर बांधायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच घरी आला. अकोल्याच्या माझ्या थोरल्या बहिणीनं त्यांना पाठवलं होतं. ताईची शिफारस म्हणजे काय, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिला माणूस आवडला की त्याचं कामही चांगलंच असतं. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात कार्ड दिलं. पुढच्या बाजूला छापलं होतं, 'मॉड्युलर किचन डिझायनर, अकोला'. मला कागद उलटून पाहायची सवय आहे. मागच्या बाजूला फिकट झालेली जुनी अक्षरं होती, 'तिफण, वखर, डवरे बनवून मिळतील'. म्हणजे शेतीची अवजारं करतानाची जुनी कार्डं उरली होती आणि त्यांच्याच पाठीवर या गृहस्थांनी नवा धंदा छापून घेतला होता. मी त्याच संध्याकाळी वहीचं एक पान उघडलं आणि वर लिहिलं, 'किचनवाले – नजर ठेवणे'.

मी राजापेठेतल्या एका मुलींच्या शाळेत हेडक्लार्क होते. माझं सगळं यादीनं चालतं. आमच्या फ्रिजवर चुंबकानं लावलेली कामांची यादी असे, कोणतं काम कोणाकडे: दूध, दळण, गच्चीवरची तुळस, भाजी, फोडणी. घरात माणसं तीनच, मी, आमचे हे आणि सासूबाई. मागच्या वर्षी सासूबाई चक्कीवरून येताना घसरल्या, तेव्हा मी 'दळण' पुढचं त्यांचं नाव खोडलं. मग गच्चीच्या पायरीवर ठेच लागली, 'तुळस' खोडली. मला वाटलं, मी त्यांना आराम देते आहे. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे शेवटी 'फोडणी – आई' एवढंच उरलं होतं. आणि मी नवीन स्वयंपाकघराचा विषय काढल्यावर मात्र त्या बोलल्या. "घर तुमचं आहे, करा काय करायचं ते," त्या म्हणाल्या, "पण माहा ओटा फोडला, त मी धामणगावले जातो." धामणगाव रेल्वेला माझे धाकटे दीर राहतात. नुसती धमकी नव्हती. दाराच्या मागं बॅग भरून ठेवलेली होती, वर घडी केलेलं लुगडंसुद्धा. त्यामुळे माझ्यापुढं प्रश्न फक्त शटरच्या रंगाचा नव्हता. ओटा नवा करायचा आणि बाई घरात ठेवायची, दोन्ही एकाच माणसाच्या हाती होतं, आणि तो माणूस तिफणी बनवणारा निघाला होता.

दिसायला ठेंगणे, पांढरी छोटी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, कानामागं कधीच टोक न काढलेली पेन्सिल. ऊन असो, आभाळ असो, हातात छत्री. मी त्यांच्यासाठी ग्राफपेपरवर चार रंगांत आराखडा काढून ठेवला होता: डब्यांची उंची, भांड्यांची संख्या, गॅसपासून सिंकपर्यंतची पावलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, खूप आदरानं घडी केली, खिशात ठेवला आणि नंतर कधीही बाहेर काढला नाही. मग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मायले स्वयंपाक करू द्या. मी पाह्यतो." भिंती मोजायच्या नाहीत का, असं मी विचारलं. "भिंती कुठं जाते, बाई? हात पाहू द्या आधी." आणि पुढं त्यांनी मला तिफणीवर जे व्याख्यान दिलं, ते मी तेव्हा वेळकाढूपणा म्हणून वहीत नोंदवलं. पेरताना बियाणं ज्या लाकडी चाड्यात सोडतात, ते चाडं म्हणे पेरणाऱ्या बाईच्या हाताच्या उंचीनं बसवावं लागतं. "बाई चाड्याकडे पाहत नाही. समोर पाह्यते, चालत राह्यते. दाणे हातच मोजते. हात पाह्यल्याबिगर तिफण बनवली त पेरणी इकडची तिकडे." मी म्हटलं, आम्हाला इथं पेरणी करायची नाही. ते मान हलवून हसले आणि सासूबाईंच्या हाताकडे बघत राहिले.

असे ते आठवड्यातून तीनदा येऊ लागले. अकोल्याहून एसटीनं यायचं, दोन तास स्टुलावर बसायचं आणि परत जायचं. यादीत पहिला संशय मी लिहिला, 'चहासाठी येतात'. आमच्याकडचा चहा आणि सासूबाईंचे पोहे यांची ख्याती ताईनं तिकडे पसरवली असणार. पण मग रमजान लागला. ते येत राहिले, दोन तास बसत राहिले आणि पाण्याचा घोटसुद्धा घेईनात. मला तो मुद्दा स्वतःच्या हातानं खोडावा लागला, आणि खरं सांगते, खोडताना मला वाईटच वाटलं. तेवढाच एक मुद्दा समजण्यासारखा होता. कारण बाकीचे अधिक काळजीचे होते. ते सासूबाईंना पुन्हा पुन्हा विचारत, "माय, मीठ कुठं राह्यते? तिखट? काडीपेटी?" सासूबाई न वळता हात लांबवून दाखवत. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, समजू शकते. दहाव्यांदा विचारल्यावर मी चांदीचं ताट नि दोन वाट्या कपाटात कुलपात टाकल्या. मग एक दिवस मी शाळेतून लवकर आले, तर हे गृहस्थ आमच्या ओट्यापुढं डोळे मिटून उभे आणि दोन्ही हातांनी फळी चाचपताहेत. मी खाकरले. त्यांनी डोळे उघडले, "पाहून राहिलो, बाई," म्हणाले. डोळे मिटून काय पाहतात, हे विचारायची मला लाज वाटली. वहीत लिहिलं, 'उपासाची ग्लानी? की दुसरं काही?'

आमच्या यांना मी सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माणूस चोर असता तर एवढ्यात घेऊन गेला असता. कंटाळला नसता का?" आमचे हे कोणावरच संशय घेत नाहीत, म्हणून त्यांच्या वाटणीचाही मलाच घ्यावा लागतो.

सगळ्यात मोठा संशय मात्र पुढंच होता. एका दुपारी मी घरी नसताना किचनवाले आणि सासूबाई बराच वेळ बोलत बसले, आणि संध्याकाळी मी पाहते, तर दाराच्या मागची बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेलेली. "फोड तुहा ओटा," सासूबाई म्हणाल्या, "पण ह्याच माणसाले काम दे." तीन महिने आमच्या यांनी समजावलं, माझ्या मुलीनं पुण्याहून फोन केले, धामणगावचे दीर येऊन गेले, आणि एका परक्या माणसानं एका दुपारीत मन वळवलं? काय बोलणं झालं, असं मी दोघांनाही वेगवेगळं विचारलं. दोघांनीही एकच उत्तर दिलं, "काई नाही, अशाच गोठी." दोन साक्षीदारांचं उत्तर इतकं तंतोतंत जुळलं की ते ठरवून दिलेलं असतं, एवढं मला शाळेतल्या मुलींनी शिकवलेलं आहे.

काम सुरू झालं. मी दिवाळीपर्यंत म्हणत होते, ते ईदपर्यंत म्हणत होते, आणि त्या वर्षी दोन्ही सण एकाच आठवड्यात येत असल्यामुळे आमचं एकमत झालं. ताई फोनवर सांगत होती की अकोल्यात त्यांना दुसरं कामच नाही. कापसाचे दिवस फार वाईट होते; तिफण कोणी करून घेत नव्हतं, आणि नवी स्वयंपाकघरं फक्त डॉक्टर आणि बी-बियाणंवाले बांधत होते, तेही नागपूरहून माणूस बोलावून. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटणं आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाळीच्या दोन दिवस आधी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, आणि मी वही घेऊन आत गेले. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याला पांढऱ्या दगडाची किनार, तीही बोटभर वर उचललेली, फडकं फिरवताना अडकणारी. गॅसच्या अलीकडे किनारीत एक खाच, जशी छिन्नी घसरून पडते तशी. मीठ जुन्याच जागी, तिखट जुन्याच जागी, माझ्या ग्राफपेपरवरचं एकही ठिकाण कुठं नाही. एक ड्रॉवर ओढला तर अडकला. आणि मुठी! आठ ड्रॉवर, आठ मुठी, आणि एकीला दुसरीची जोड नाही. एक गोल, एक चौकोनी, एकीवर दोन वळ्या, एक आडवी, एक शिंगासारखी वाकलेली. मी म्हटलं, उरल्यासुरल्या लाकडाच्या मुठी आमच्याकडे खपवल्या का?

"नाही, बाई. एकेक मूठ घरी बसून केली."

"मग सारख्या का नाहीत?"

"सारख्या केल्या असत्या त हात चुकला असता."

"माझा हात चुकत नाही," मी म्हणाले.

"तुमचा नाही चुकत," ते म्हणाले, आणि छत्री उचलून निघाले. ईद मुबारक म्हणायचंही माझ्या ध्यानात राहिलं नाही. मी तक्रारींची यादी पूर्ण केली. तेवीस झाल्या. दिवाळी झाल्यावर अकोल्याला जाऊन समोर बसवून एकेक विचारायची, असं ठरवलं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भारनियमन नेहमीच्या वेळेला, सायंकाळी सातला सुरू झालं. मी स्वयंपाकघरात होते. काडीपेटी शोधायला एक ड्रॉवर ओढला, त्यात कालथे; दुसरा ओढला, त्यात फडकी. माझ्या घरातल्या माझ्याच ड्रॉवरांपुढं मी हात मारत होते. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. "चौकोनी मूठ," त्या म्हणाल्या. हात लावला तर खरोखर चौकोनी मूठ, आत काडीपेटी. मी काडी ओढेपर्यंत त्यांनी गॅसवर कढई ठेवलेली होती, बोटानं किनारीवरची खाच चाचपून बर्नर गाठला होता, गोल मुठीच्या ड्रॉवरातून मोहरी काढली होती. अंधारात फोडणी तडतडली. मी मेणबत्ती लावली आणि त्यांच्या बाजूनं पुढं नेली. ज्योत त्यांच्या गालाशी आली तरी त्यांची नजर हलली नाही. अगदी नाकासमोर आणली, तेव्हा त्या दचकल्या. मी हात परत बाजूला नेला. परत काही नाही. मग मी मेणबत्ती ओट्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. यात कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटी. म्हणून समोरच्या माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येणार नव्हतं, थेंब टाकून उरलेलं सांभाळायचं होतं. चक्कीवरचं घसरणं, गच्चीची ठेच, सगळं माझ्या यादीत तारखेसकट लिहिलेलं होतं आणि मला त्यातलं काही वाचता आलं नव्हतं.  येताना रिक्षात सासूबाई बाहेर बघत म्हणाल्या, "आता फोडणी कोण देईन?"  मी म्हटलं, पाहू.

रविवारी मी अकोल्याला गेले. किचनवाल्यांचं दुकान एका गल्लीत होतं. ते बाजेचा पाय तासत बसले होते. मी ओरडायला आले आहे, असं समजून त्यांनी घाईनं फळी पुसून मला बसायला दिलं आणि हात पुढं केला, "द्या लिस्ट." मी सवयीनं दिली. त्यांनी चष्मा लावून तेवीसच्या तेवीस तक्रारी सावकाश वाचल्या.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मी म्हणाले.

"हात पाहून कळलं. माय मीठ घेताना मिठाकडे पाहतच नव्हती."

"मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढला. "त्या दुपारी शपथ घातली होती मायनं. म्हणे, सूनबाईले सांगू नको, बापा. ते लय चांगली आहे, पण मले लिस्टीतून काढून टाकीन. एवढीच फोडणी राह्यली आहे माही."

माझ्या बाजूनं सांगण्यासारखं पुष्कळ होतं, काळजी, पडण्याची भीती, गॅसचा धोका.  तेच पुढं म्हणाले, यातल्या बावीस तक्रारींना माझ्यापाशी जवाब आहे, पण तो ड्रॉवर अडकतो ती माझी चूक; ईदच्या घाईत ओलं लाकूड लावलं. "उन्हाळ्यात येतो. लाकूड वाळलं की रंधा मारून देतो. मायले सलाम सांगा."

घरी आल्यावर मी यादी नव्यानं लिहिली, जाड काळ्या मार्करनं, आणि फ्रिजवर सासूबाईंच्या नाकासमोर येईल अशा उंचीवर लावली. त्या तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आहे का माहं नाव?"

"आहे."

"दोन जागी दिसून राह्यलं."

"तुळसही आहे. गच्चीवरून खाली आणली, अंगणात ठेवली."

त्यांनी गोल मुठीचा ड्रॉवर उघडून मोहरी आहे का, ते बघितल्यासारखं केलं आणि बंद केला.

नंतर पाच वर्षं आमच्या घरची फोडणी त्यांनीच दिली. उन्हाळ्यात किचनवाले आले नाहीत. ताईकडून कळलं, दुकान बंद करून ते मुलीकडे धारणीला गेले. तिकडचा फोन लागत नसे. दुकानाच्या जागी आता मोबाइल रिचार्जची पाटी आहे. मध्यंतरी एका कंपनीचा तरतरीत मुलगा आमचं स्वयंपाकघर बघायला आला, लाल दिव्याच्या यंत्रानं पाच मिनिटांत चारी भिंती मोजल्या आणि म्हणाला, "मॅडम, ह्या मुठी तेवढ्या एकसारख्या करून घ्या." मी त्याला चहा दिला आणि जाऊ दिलं.

तेवीस तक्रारींचा तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यातल्या बावीस मी एकेक करून खोडल्या. तेविसावी तशीच आहे. पावसाळ्यात तो ड्रॉवर अजून अडकतो, आमचे हे दरवर्षी म्हणतात की कोपऱ्यावरच्या सुताराला बोलवू, दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हणते, ते काम एका माणसाला सांगून ठेवलं आहे.