खिडकीतून नेलेली दोरी

तान्ह्या मुलाला पाहायला येणाऱ्याने उंबरठ्यावर थांबून आधी स्वतःच्या नाकाची आणि घशाची चौकशी करावी, असा कायदा या देशात नाही. तो असावा, असे मी संबंधितांना आजवर अनेकदा लिहून कळवले. माझी पत्रे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे धाडली गेली आणि तिथेच स्थिरावली. माणसे मात्र अजूनही शिंकत येतात आणि पोराचा मुका घेतात.

एकोणीसशे साठच्या दशकात मी वडगावच्या कोर्टात कारकून होतो आणि आम्ही लोणावळ्यात, तुंगार्लीला, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचा पहिला मुलगा दीड महिन्याचा होऊन गेला. पाहायला आलेल्या प्रत्येकाने त्याला उचलून छातीशी धरले होते. कोणाला सर्दी आहे का, हे विचारणे शिष्टाचारात बसत नव्हते. मग त्याच्या कुशी उडू लागल्या, श्वासागणिक बरगड्या वरखाली होऊ लागल्या, तो दूध ओढेना. कोणी पोटावर बिब्बा घातला, कोणी ओव्याची धुरी दिली आणि दवाखाना सर्वांत शेवटी आठवला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. आरोपी म्हणून कोणाला उभे करणार? सगळे गणगोतच साक्षीला होते.

त्यानंतर मुलगी झाली, तीही आठव्या महिन्यात. ओंजळीत मावेल एवढी. त्याच डॉक्टरांनी बजावले, "खोकणारं माणूस हिच्याजवळ नको. कोणीही असो."

हे 'कोणीही' म्हणजे माझी अक्का, हे मला ऐकताक्षणीच उमगले.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिने वाढवले. लग्न होऊन ती इंदुरीला गेली, तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेली. वयाने ती पन्नाशीच्या पुढे होती, छातीने मात्र कधीच म्हातारी झालेली. चुलीच्या धुराने तिला बारमाही खोकला लावला होता आणि दर हिवाळ्यात त्यात तापाची भर पडे. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचे ते आत्याने, कानाला ओठ लावून, 'कुर्र' करून. आणि आत्या ती एकटीच.

बारशाच्या सकाळी ती पडवीत येऊन टेकली आणि मी दारात आडवा उभा राहिलो. डॉक्टरांचे म्हणणे तिला शब्दशः सांगितले.

"लय मोटा वकील झालास की रं," ती म्हणाली. "तुला गोवर आलता तवा मांडीवर कुणी घेतलं? मी दारात हुबी न्हाई ऱ्हायले."

"अक्का, एक गेलाय."

ती पदराने तोंड झाकून खोकली आणि मग म्हणाली, "व्हय. आन् ही बी जायाला नको."

पाळणा आतल्या खोलीत, खिडकीपासून पार पलीकडच्या टोकाला होता. मी पाळण्याच्या दोरीला दुसरी दोरी जोडली आणि ती खिडकीच्या गजातून पडवीत अक्काच्या हातात दिली. खिडकी दोरीपुरती उघडी ठेवली. तिने दोरी ओढली, आत पाळणा हलला. मग त्या फटीतून तिने असे दणदणीत 'कुर्र' केले की पोर दचकून रडू लागली. बायका हसत पडवीत धावल्या आणि रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालू लागल्या.

"मारा गं, जोरात मारा," अक्का म्हणाली, "खोकला तरी सुटंल!"

तिने सांगितलेले नाव आतल्या प्रत्येकाला ऐकू गेले. विधी पूर्ण झाला नाही, असे त्या दिवशी कोणी म्हणाले असते, तर मी त्याच्याशी सर्व न्यायालयांत भांडलो असतो.

डॉक्टरांनी पुढे थोडी सवलत दिली. थंडी सरू दे, पोर बाळसे धरू दे, बाईंचा खोकला बसू दे. मग चैत्रात मांडीवर द्या. अक्का अधूनमधून एसटीने यायची, पडवीत बसून दोरी ओढायची. बायको धुतलेली दुपटी बाहेर आणून द्यायची, अक्का ती एकेक करून मांडीवर घेऊन घड्या घालायची. घडी घालून झालेले दुपटेही तिच्या मांडीवर बराच वेळ राहायचे.

"चैत्र कुटं आलाय आता?" ती विचारायची.

"यायला लागलाय, अक्का."

पौषात इंदुरीहून निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा तिच्या बरगड्या तशाच वरखाली होत होत्या, जशा मी एकदा पहिल्या मुलाच्या पाहिल्या होत्या. पेनिसिलिन दिले, पण ताप अंगावर काढून फार दिवस झाले होते. शुद्धीत असताना तिने एवढेच विचारले, "पोरगी खोकत न्हाई ना?" खोकत नव्हती. त्या हिवाळ्यात एकदाही खोकली नाही.

मी दारात उभा राहिलो ते योग्यच होते. आजही तोच निर्णय देईन. पण निर्णय बरोबर ठरला म्हणून माणसाची आठवण कमी होत नाही.

आता न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावर लस आहे. सगळ्या खोकल्यांवर नव्हे, हेही नमूद करतो, कारण अर्धवट माहिती देणाऱ्यांचा मला संताप येतो. तान्ह्यांना ती सरकारतर्फे मिळते. म्हाताऱ्यांनी आपापली सोय पाहावी, हा न्याय कोणता, याबद्दल माझा पत्रव्यवहार चालू आहे. दरम्यान मी ती दंडावर टोचून घेतली.

माझी ती मुलगी आता आजी आहे. आत्याचा चेहरा तिला आठवत नाही. जवळून तो तिने कधी पाहिलाच नव्हता. परवा तिने नातवाला आणले. त्याचे डोस झालेले, माझा झालेला, तरी मी तिला विचारून घेतले, घरात कोणाला सर्दी? नाही म्हणाली. हात साबणाने धुऊन मी मांडी घातली. तिने पोर दुपट्यासकट माझ्या मांडीवर ठेवले.

बाहेर ऊन कडक होते. चैत्र लागला होता.